चिठ्ठीच्या मागच्या बाजूला

पाळक घडवणाऱ्या सेमिनरीतून बहुतेक उन्हाळ्यांत एक विद्यार्थी आमच्याकडे काम शिकायला यायचा. दहा आठवडे आमच्या माडीवरच्या खोलीत राहायचा, आमच्या तीन छोट्या चर्चमध्ये उपासना चालवायचा, आजाऱ्यांना भेटायचा. जाताना माझे यजमान, म्हणजे इथले पाळकसाहेब, त्याच्याबद्दल अहवाल लिहून सेमिनरीकडे पाठवायचे. सव्वीस वर्षांत अशी अठरा मुलं माझ्या हातचं जेवून गेली. काही इतकी गरीब स्वभावाची होती की घरात आहेत की नाहीत ते दाराशी चपला बघून कळायचं. एकोणिसावा आला तो पायाला भिंगरी लावूनच.

चोवीस वर्षांचा, ताडमाड उंच, खांदे पुढे झुकलेले. चहा उभ्याने प्यायचा. जेवायला बसला तरी टेबलाखाली त्याचा एक गुडघा सारखा हलायचा आणि वर माझी मिठाची बरणी थरथरायची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने चर्चमधली गायनपुस्तकं नंबरवार लावली. तिसऱ्या दिवशी खिडक्या पुसल्या. चौथ्या दिवशी सकाळी यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आता काय करू?"

हे म्हणाले, "बस जरा."

तेवढंच त्याला जमत नव्हतं. मंडळीतल्या, म्हणजे चर्चला येणाऱ्या, लोकांनी त्याचं नाव एकदा विचारलं आणि विसरून गेले. त्याला सगळे 'शिकाऊ' म्हणू लागले, आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला.

त्याचं पहिलं प्रवचन त्रेचाळीस मिनिटं चाललं. मी घड्याळ लावून बसले होते, कारण घरी ओव्हनमध्ये बटाटे होते. परत येताना त्याने विचारलं, "बाई, कसं झालं?" मी म्हणाले, "देवाला आवडलं असेल. बटाट्यांना नाही." तो हसला, पण त्या दुपारी माडीवरून त्याच्या येरझारांचा आवाज येत राहिला. संध्याकाळी भांडी पुसायला आला तेव्हा आपणहून बोलला.

"वर्गात मला सगळं येतं हो. इथे कुणाच्या घरी गेलो की हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही. अहवाल वाईट गेला तर शेवटच्या वर्षाला घेणार नाहीत, ते ठीक आहे. पण तो खरा निघाला तर?"

मला तेव्हा त्याची माया आली. पुढे मी जे केलं ते माया असूनच केलं, हे आधी सांगून ठेवते.

आमची तीन चर्चं म्हणजे नदीकाठचं, फाट्यावरचं आणि टेकडीवरचं. नदीकाठी वीसेक माणसं यायची, फाट्यावर पंधरा, टेकडीवर नऊ. यांचा गुडघा दुखायला लागल्यापासून टेकडीची चढण यांना झेपत नव्हती, म्हणून टेकडी आणि फाटा शिकाऊकडे दिले. नदीकाठ यांनी स्वतःकडे ठेवला.

आता चिठ्ठीबद्दल सांगते. रविवारच्या उपासनेत पाळक आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करतो, आणि त्या आठवड्यात कुणी देवाघरी गेलं असेल तर त्यांची नावं घेऊन आभार मानतो. ही नावं गोळा करायचं काम माझं. शनिवारी मी फोनपाशी बसायची, कोण पडलं, कोण उठलं, कोण गेलं ते विचारून घ्यायची आणि वहीच्या पानाचे तुकडे करून तीन चर्चसाठी तीन सारख्या चिठ्ठ्या लिहायची. पुढे आजारी, मागे गेलेले. वर मथळा बिथळा काही नाही. यांना माहीत होतं, मला माहीत होतं, तिसऱ्याने वाचायचा प्रश्न कधी आलाच नव्हता. आधीच्या अठराजणांना यांनी चिठ्ठी कधी हातात दिलीच नाही. याला पहिल्या रविवारी निघता निघता सांगितलं, "पुढे आजारी, मागे गेलेले. नीट बघ." झालं शिकवून.

तिसऱ्या आठवड्यात तापाची साथ आली. घराघरांत दोन-दोन माणसं अंथरुणाला. शनिवारी माझ्या चिठ्ठीची पुढची बाजू भरून गेली. शेवटच्या ओळीत अक्षरं मुंगीएवढी काढली तरी एक नाव उरलंच, नदीकाठच्या सुताराचं. त्याला ताप नव्हता, त्याची फुप्फुसं गेली होती. चाळीस वर्षं लाकडाचा भुसा नाकातोंडात गेल्यावर आणखी काय होणार? दुसरा कागद घ्यायचा मला कंटाळा आला. मी चिठ्ठी उलटली, सुताराचं नाव मागे सगळ्यात वर लिहिलं आणि त्याच्याखाली त्या आठवड्यात वारलेल्या म्हातारीचं. मध्ये रेघही मारली नाही. तीनदा तसंच लिहिलं.

नदीकाठी काही बिघडलं नाही. हे शुक्रवारीच सुताराला भेटून आले होते. यांनी चिठ्ठी डोळे मिटून सुद्धा बरोबर वाचली असती; नाव कुठल्या बाजूला होतं हे यांच्या लक्षातही आलं नाही. फाट्यावर सुताराला ओळखणारं कुणी नव्हतं. टेकडीवर मात्र त्याचा सख्खा मोठा भाऊ होता.

तो पाथरवट. वय पासष्ट, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटाच राहायचा. कबरींवरचे दगड घडवायचा आणि टेकडीवरच्या चर्चची घंटा वाजवायचा. कुणी वारल्याचं समजलं की जितकं वय तितके टोले, हे काम त्याने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. धाकट्या भावाशी तो चौदा वर्षं बोलला नव्हता. त्यांची आई वारली तेव्हा हा कामासाठी लांब गेला होता. परत येताना बस बंद पडली. इकडे उन्हाळा, दुसरा दिवस उलटत आलेला. सुताराने स्वतःच्या हाताने आईची शवपेटी केली होती, त्यानेच झाकण ठोकून बंद केलं. पाथरवट धापा टाकत पोचला तेव्हा शेवटचा खिळा चालला होता. तो म्हणाला, "उघड." धाकटा म्हणाला, "दादा, नको बघूस. तशी नको बघूस तिला." तेवढंच बोलणं. त्यानंतर दोघांची तोंडं दोन दिशांना.

त्या रविवारी टेकडीवर काय झालं ते मला तिथल्या शिंपीणबाईंनी सांगितलं. शिकाऊने पुढची नावं वाचली, चिठ्ठी उलटली आणि देवाचे आभार मानले, की आमच्या या भावाला तू आपल्या विसाव्यात घेतलंस. सुताराचं नाव घेऊन. पाथरवट प्रार्थनेच्या मधेच उठला. मागे गेला, दोर धरला आणि टोले द्यायला लागला. शिकाऊने प्रार्थना मधेच थांबवली. त्याला वाटलं, इथली रीत असेल. एकसष्ट टोले होईपर्यंत कुणी हललं नाही. मग पाथरवट बाकाशी परत आला आणि उभ्यानेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्याने झाकण लावलं ते बरोबर केलं होतं. मलाच कळत होतं आणि मी बोललो नाही." आणि मग तो माणूस, ज्याला कुणी कधी शिंकतानाही पाहिलं नव्हतं, हमसून हमसून रडला.

दुपारी शिंपीणबाईंनी सांत्वन करायला नदीकाठी फोन लावला, तर फोन उचलला खुद्द सुताराने.

शिकाऊला हे कळलं तेव्हा तो माझ्या स्वयंपाकघरात उभा होता.  सायकल काढली आणि जेवण तसंच टाकून टेकडीवर गेला. पाथरवटाने दार अर्धंच उघडलं.

"काका, माझी चूक झाली. मी चिठ्ठी वाचताना गोंधळलो."

"तू गोंधळलास? सेमिनरीत वाचायला शिकवत नाहीत?"

"काका, खरंच..."

"तो खाली हसतोय म्हणे. टोले मोजत होता म्हणे."

हेही खरं होतं. सुतार हसला होता. भावाने आपल्यासाठी घंटा वाजवली आणि सगळ्यांसमोर आपली बाजू घेतली, हे ऐकून त्याला इतका आनंद झाला की खोकता खोकता तो हसला आणि म्हणाला, "एकसष्ट? दादाने एक जास्त वाजवली. मी साठचा आहे." पण टेकडी चढेपर्यंत त्या हसण्याची थट्टा झाली. पाथरवटाने मनात पक्कं धरलं, की हे सगळं धाकट्यानेच या नव्या पोराला हाताशी धरून घडवून आणलं. दादा आपल्यासाठी रडतो का, हे बघायला.

"चिठ्ठी आण," तो शिकाऊला म्हणाला. "तुझ्या तोंडावर माझा विश्वास नाही. काय लिहिलंय आणि कुणी लिहिलंय ते मला बघू दे. मग खाली जायचं का नाही ते बघतो." आणि दार लावून घेतलं.

सोमवारी सकाळी शिकाऊचा शर्ट धुवायला घेतला, तेव्हा चिठ्ठी त्याच्या खिशात होती. मी उलटून पाहिली. पोराने अगदी बरोबर वाचलं होतं. मागे लिहिलेलं नाव त्याने मागचं म्हणून वाचलं होतं. चूक माझी होती, आळसाची, आणि एका कागदाच्या तुकड्यापायी झालेली.

तेवढ्यात तो आलाच. "बाई, कालची चिठ्ठी खिशात होती का? काकांना दाखवायची आहे. त्यांच्या भावाचं नाव पुढेच होतं ना? मी उलटताना कसा चुकलो तेच कळत नाही."

मी म्हणाले, "पुढेच असणार. आणि चिठ्ठी गेली बाबा शर्टाबरोबर, लगदा झाला तिचा."

चिठ्ठी तेव्हा माझ्या एप्रनच्या खिशात होती. मी खोटं का बोलले, ते आता विचारलंत तर सांगता येईल. गावभर लोक शिकाऊला हसत होतेच. तो नवा, त्याला हसून लोक विसरतील असं मला वाटलं. माझं तसं नव्हतं. पाळकीणबाईंचं काम म्हणजे काम, असं सव्वीस वर्षं ऐकत आले होते आणि ते ऐकायची मला चटक लागली होती. दोन दिवसांत हे निवळेल, मग सांगू, असं म्हणत मी चिठ्ठी पिठाच्या डब्याच्या मागे सारली. यांच्याकडच्या आणि फाट्यावरच्या चिठ्ठ्या मी चुलीत घातल्या, हेही सांगूनच टाकते.

ते निवळलं नाही. शिकाऊ रोज सकाळी नदीकाठी जायचा आणि संध्याकाळी टेकडीवर. सुतार उशीला टेकून बसलेला असायचा, कारण आडवं झालं की त्याला श्वास पुरायचा नाही. तो रोज एकच विचारायचा, "दादा येतोय का?" शिकाऊ म्हणायचा, "आज पुन्हा विचारतो." टेकडीवर दार कधी अर्धं उघडायचं, कधी उघडायचंच नाही. एकदा पाथरवट म्हणाला, "चिठ्ठी आणलीस?" आणि याने मान हलवल्यावर म्हणाला, "मग दमलास कशाला इतका?"

पोर वाळत चाललं. प्रवचन अकरा मिनिटांवर आलं. ताटात वाढलेलं इकडून तिकडे करायचा आणि उठायचा. त्याने एका रात्रीत पाच पानी पत्र लिहिलं पाथरवटाला, दाराखालून सरकवलं, दुसऱ्या दिवशी ते तसंच दाराबाहेर सापडलं. सुताराच्या बायकोने त्याला एकदा जवळ बसवून म्हटलं, "अरे, तू कशाला जीव टाकतोस? चौदा वर्षांचं आहे ते." तो म्हणाला, "काकू, ते आले होते ना. त्या रविवारी ते मनाने आले होते. मी त्यांना परत पाठवलं."

हे त्याने घरी येऊन मला सांगितलं. मी कणीक मळत होते. डबा समोरच होता. मला वाटलं, आता सांगावं. हात पिठात होते, म्हणून थांबले. हात धुतले तेव्हा तो उठून गेला होता. मग मी स्वतःला म्हणाले, गुरुवारी सांगू. गुरुवारी महिला मंडळाची बैठक होती. रविवारी पाहुणे आले. चालढकल करायला मला कारणं शोधावी लागली नाहीत, ती आपणहून येत होती. रोज मला वाटायचं की सुतार अजून काही दिवस आहे. डॉक्टर तसं म्हणाले होते.

मी सुद्धा बसू शकत नव्हते त्या दिवसांत. एकदा घासलेली भांडी पुन्हा घासायची. मधेच डबा सरकवून चिठ्ठी आहे का बघायची. हे म्हणाले, "तुला त्या पोराची लागण झाली की काय?"

मंगळवारी सकाळी सुताराच्या बायकोचा फोन आला. तो पहाटे गेला होता. शेवटी काय बोलला ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

शिकाऊ पायरीवर बसला. पहिल्यांदाच तो असा हातपाय न हलवता बसलेला मी पाहिला, आणि तो हलावा असं मला वाटलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "बाई, मी सेमिनरी सोडतो. ज्याला एक चिठ्ठी वाचता येत नाही त्याने कुणाला काय सांगायचं?"

मी आत गेले, डबा सरकवला आणि चिठ्ठी आणून त्याच्या हातात दिली.

त्याने पुढची बाजू पाहिली. उलटली. परत पुढची पाहिली. "मी बरोबर वाचलं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी कुणाला सांगू शकणार नाही. मला वाटलं हा ओरडेल, आणि ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने चिठ्ठी नीट घडी करून माझ्या हातात परत दिली.

"टेकडीवर तुम्ही जा," तो म्हणाला. "मी काकूंकडे जातो. तिथे माणूस लागेल."

टेकडी मी तीन ठिकाणी थांबत चढले. वर पोचले तेव्हा पाथरवट अंगणात दगडावर छिन्नी चालवत होता. घंटा वाजली नव्हती, म्हणजे त्याला बातमी नव्हती किंवा असून त्याने वाजवली नव्हती. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "गेला ना? शिंपीणबाई सांगून गेल्या." आणि पुन्हा छिन्नी मारली. "एकदा वाजवली मी त्याच्यासाठी. दोनदा वाजवत नाही."

मी चिठ्ठी पुढे केली. त्याने हात कपड्याला पुसले, चष्मा लावला. पुढची गिचमिड वाचायला त्याला वेळ लागला. तळाशी दाटीने कोंबलेली नावं त्याने बोट ठेवून वाचली. मग उलटून भावाचं नाव पाहिलं आणि खालचं म्हातारीचं.

"जागा संपली म्हणून मागे लिहिलं?"

"हो."

"धाकट्याने सांगितलं म्हणून नाही?"

"त्याला काही माहीतच नव्हतं. शिकाऊलाही नव्हतं. अक्षर माझं आहे, चूक माझी आहे."

"ही धुतली गेली म्हणाला होता तो पोरगा."

"मी त्याला खोटं सांगितलं."

"कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"त्या सोमवारपासून."

त्याने मनातल्या मनात मोजलं. मला ओठ हलताना दिसले. "पंधरा दिवस," तो म्हणाला. "पंधरा दिवस तो जिवंत होता आणि ही तुमच्या घरात होती."

मी क्षमा मागितली. तीही आता काय कामाची, हे मागता मागताच कळत होतं. त्याने छिन्नी आणि हातोडा पोत्यात गुंडाळून ठेवले, आत जाऊन स्वच्छ शर्ट घातला, दाराला कडी लावली आणि टेकडी उतरायला लागला. मी मागून. त्याच्या पायांचा वेग असा की मला पळावं लागत होतं. वाटेत एकदा वाटलं, थांबेल, चार शब्द सुनावेल. त्याने मागे वळून सुद्धा पाहिलं नाही.

सुताराच्या घरी त्याने भावजयीला पोटाशी धरलं, भावाच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. पेटीचा पुढचा खांदा त्याने घेतला, त्याच्या शेजारचा शिकाऊने. दोघं एकमेकांशी हळू आवाजात काहीतरी बोलत चालले होते. शिकाऊ सेमिनरीत परत गेला, आता तोही पाळक आहे, त्याची स्वतःची मंडळी आहे, आणि दर सुट्टीत पाथरवटाकडे दोन दिवस राहून जातो. आमच्याकडे चहाला येतो, बाई म्हणतो, भांडी पुसतो, तो विषय काढत नाही.

पाथरवट आता शहात्तरचा आहे. यांच्याशी बोलतो, भावजयीकडे रोज जेवतो. रस्त्यात मी समोरून आले की तो पलीकडच्या बाजूला जातो. अकरा वर्षं झाली. मी त्याला अजून दर वेळी हाक मारते.